त्रेचाळिसाव्या वर्षी बॉक्सिंग: एका दुखऱ्या मनगटाचं प्रकरण

वय ४३. राहणं मानेवाडा भागात. खासगी कंपनीत हिशेबाचं बैठं काम. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. वडिलांना मधुमेह. तक्रार अशी की उजवं मनगट तीन आठवड्यांपासून दुखतंय, करंगळीच्या बाजूला जास्त. पोळ्या लाटताना आणि गाडीचा ब्रेक दाबताना कळ येते. फॉर्मवर 'दुखण्याचं कारण' या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: बॉक्सिंग.

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे खांदा धरून आलेले क्रिकेटवाले असतात, गुडघे धरून आलेल्या आज्या असतात, आणि अलीकडे चाळिशीत पहिल्यांदा ग्लोव्ह घातलेली मंडळीही दिसू लागली आहेत. हे प्रकरण त्यांतलं एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लेखात मी त्यांना ताई म्हणते, कारण क्लिनिकमध्येही तेच म्हणत होते.

बसता बसताच त्यांनी अट घातली. "मॅडम, मनगट दुखून राहिलं म्हणून आली. पण क्लास बंद करा असं नका सांगू. घरात आधीच सगळे तेच म्हणून राहिले."

बॉक्सिंगच का

आदल्या दिवाळीनंतरच्या तपासणीत त्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा मानतात. रक्तदाब १३४/८६, वजन ७१ किलो. औषध सुरू नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी चालायला सांगितलं, त्या महिनाभर चालल्या आणि कंटाळल्या. कंटाळा हे व्यायाम सुटण्याचं एक मोठं कारण आहे आणि आम्ही डॉक्टर-फिजिओ लोक त्याला आळस समजून मोकळे होतो. ताई आळशी नव्हत्या. त्यांना शिकण्यासारखं काहीतरी हवं होतं.

अकरावीतला मुलगा बॉक्सिंगला जायचा. नागपुरात पोरी-बायकांनी या खेळाकडे वळणं आता कुणाला फारसं नवल वाटण्यासारखं राहिलेलं नाही. आपल्याच शहरातल्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्सेला युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण मिळवलं, ८१ किलोवरील गटात. ताईंच्या सासूबाईंना मात्र नवल वाटलंच. "या वयात मारामाऱ्या काऊन शिकून राहिली?" असं त्यांनी विचारल्याचं ताईंनी हसत सांगितलं.

घराजवळ कराटेचा वर्गही होता. माझं मत विचारलंत तर फिटनेससाठी दोन्ही चालतात, पण सुरुवातीचा अनुभव वेगळा असतो. कराटे आणि तायक्वांदोमध्ये लाथा आहेत, त्यासाठी कंबर आणि मांड्या मोकळ्या व्हायला वेळ लागतो. पट्ट्यांचे रंग बदलत जातात, त्यामुळे शिस्तीनं पुढे जाणाऱ्यांना ते आवडतं. ज्युदोत आधी पडायला शिकावं लागतं. बॉक्सिंगमध्ये मूळ ठोसे चारच: जॅब (पुढच्या हाताचा सरळ), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ), हुक (बाजूनं वळवून), अपरकट (खालून वर). पहिल्या महिन्यातच घाम निघेल इतपत येऊ लागतं. हीच त्याची मोहिनी आणि पुढे दिसेल तसं हाच धोकाही.

ताईंनी ऑफिसातल्या मैत्रिणीसोबत जानेवारीत संध्याकाळची फिटनेस बॉक्सिंगची बॅच धरली. आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. क्रम ठरलेला: आधी दोरीवरच्या उड्या, मग बर्पी (खाली बसून पाय मागे फेकायचे आणि उडी मारत उठायचं) आणि पुशअप, मग मोठ्यानं गाणी लावून पंचिंग बॅग. पहिल्या दिवसापासून बॅग.

मनगट तपासलं, पाय सापडले

हात तपासताना आधी दोन गोष्टी वगळायच्या होत्या. करंगळीच्या मागच्या तळहाताच्या हाडाची मान मोडणं ही ठोसे मारणाऱ्यांची नेहमीची दुखापत. तिला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, जरी पट्टीचा बॉक्सर सहसा त्या गाठीनं मारतच नाही. दुसरं, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखतं का. तिथलं छोटं हाड तडकलं तर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही. खळग्यात दुखत नव्हतं, एक्स-रे स्वच्छ होता, सूज थोडी. मनगटाचे अस्थिबंध ताणले गेले होते, एवढंच.

एवढ्यावर बर्फ, पट्टा आणि विश्रांती लिहून देता आली असती. दोन आठवड्यांत मनगट बरं झालं असतं आणि मार्चमध्ये पुन्हा दुखलं असतं. म्हणून मी त्यांना उभं केलं आणि म्हटलं, भिंतीपासून हातभर अंतरावर बॅग आहे असं समजा आणि हळू मारून दाखवा.

त्यांचे दोन्ही पाय एका रेषेत होते, बसच्या रांगेत उभं राहावं तसे. हात पोचेना म्हणून कंबरेतून पुढे वाकत होत्या. वाकलं की तोल जातो, तोल सावरायला कोपर बाहेर उघडतं, कोपर उघडलं की मूठ फिरते आणि अनामिका-करंगळीच्या गाठी आधी आदळतात. खरं तर भार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर यायला हवा. त्या दोन गाठींच्या मागची हाडं मनगटाशी घट्ट जोडलेली असतात. करंगळीकडची हाडं हलती असतात. त्यामुळे प्रत्येक ठोशाला मनगट थोडं आत मुडपत होतं आणि एका क्लासात असे शेकडो ठोसे पडत होते.

त्यात साधनांची भर. मुलानं ऑनलाइन मागवलेले ८ औंसचे ग्लोव्ह, भरण पातळ. ग्लोव्हच्या आत बांधायच्या हातपट्ट्या १०८ इंची, म्हणजे पावणेतीन मीटरच्या. मनगटावर दोन वेढे घेतले की बोटांच्या गाठींपर्यंत पुरायच्याच नाहीत. शिवाय बॅग जुनी होती. चिंध्या आणि रेती भरलेल्या बॅगेत भरण कालांतरानं खाली बसतं, वरचा भाग पोकळ राहतो आणि खालचा दगडासारखा होतो. ताईंची उंची पाच फूट एक इंच. त्यांचे ठोसे नेमके त्या दगडी भागाच्या सीमेवर पडत होते. उंच पोरांना तिथं काही जाणवलं नसणार.

जे फॉर्मवर लिहिलं नव्हतं

दुसऱ्या भेटीत मी हजेरी विचारली. आधी आठवड्याला चार दिवस, मग तीन, मग एक. मनगटामुळे का? त्या थांबल्या. मुलाला बाहेर बसवलं होतं म्हणून बरं. उड्या मारताना लघवीचे थेंब सुटतात, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. काळी ट्रॅकपँट घालायच्या, पॅड लावायच्या, पाणी पीत नव्हत्या. दोरी सुरू झाली की "फोन आला" म्हणून बाहेर जायच्या. मैत्रिणीलाही माहीत नव्हतं.

क्लास सुटण्याचं खरं कारण हे होतं. मनगट दुखतंय असं निदान चारचौघांत बोलता तरी येतं.

बाळंतपणानंतर, आणि चाळिशीत तर जास्तच, खोकताना, शिंकताना, उड्या मारताना थेंब सुटणं हे फार आढळतं. त्याला स्नायूंचा व्यायाम हाच पहिला उपचार आहे, आणि तरी बायका वर्षानुवर्षं ते 'चालायचंच' म्हणून सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी आणि गॅस एकदम रोखल्यासारखे आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सोडणं हे ओढण्याइतकंच महत्त्वाचं. लघवीला बसून धार अडवत हा व्यायाम करू नये. ठोशाच्या किंवा खोकल्याच्या अगदी आधी हे स्नायू आवळायची सवयही त्यांना लावली. पाणी बंद करणं मात्र मी त्याच दिवशी थांबवायला लावलं; घट्ट लघवीनं मूत्राशय उलट जास्त चिडतं.

"मेरी कोम तर जुळ्यांची आई होती ना मॅडम, लंडनला मेडल घेतलं तेव्हा," त्या म्हणाल्या. होती. २०१२ साली ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदाच आलं आणि तिनं कांस्य मिळवलं. पण तिच्या मागे वर्षानुवर्षांचा सराव होता. ताईंना तिसऱ्याच दिवशी सलग दहा मिनिटं दोरी दिली होती, सिमेंटच्या फरशीवर.

सरांशी बोलणं

क्लास बदलावा का, हा प्रश्न आला. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाचं नाव त्यांच्या मुलानं काढलं. स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या पोराला मी तिकडे जाच म्हटलं असतं. पण मानेवाड्याहून ऑफिस आटोपून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आठवड्यातून तीनदा जाणं कुणाला जमणार? त्रेचाळिसाव्या वर्षी व्यायामाच्या बाबतीत जवळचा बरा शिक्षक हा लांबच्या उत्तम शिक्षकापेक्षा भारी पडतो. म्हणून ताईंच्या परवानगीनं मी त्यांच्या सरांना फोन लावला. दोरी का नको, याचं कारण फक्त 'वैद्यकीय' एवढंच सांगितलं.

सर स्वतः कधीकाळी आंतरविद्यापीठ पातळीवर खेळलेले. त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. "मॅडम, मलाही माहीत आहे, आधी पाय शिकवाचे असते. आमच्या उस्तादानं आम्हाला दोन महिने बॅगला हात लावू नव्हता दिला. पण इथं पहिल्या दिवशी बॅग नाही दिली तर लोक दुसऱ्या दिवशी येतच नाही ना. पैसे देऊन फरशीवर चालाले कोण येईन?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. धंदा त्यांना चालवायचा आहे. पण एका ताईंसाठी वेगळं करायला ते तयार झाले, आणि ते त्यांनी मनापासून केलं.

तीन आठवडे बॅग बंद. हॉलच्या फरशीवर टाइल्सची जी सांध्याची रेघ असते ती ताईंची. उजवा हात जोराचा, म्हणून डावा पाय पुढे, पाय खांद्याएवढे फाकलेले, रेघेच्या दोन बाजूंना, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा, आणि पाय एकमेकांना कधीच ओलांडायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. दोन मिनिटं सलग करून पाहा, पोटऱ्या पेटतात. ताईंना तर पहिल्याच आठवड्यात कळलं की दोरीशिवायही धाप लागते. दोरीच्या वेळात त्या हेच करायच्या, एक पाय सतत जमिनीवर ठेवून. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांती ही बॉक्सिंगची खरी घडी. त्यांना दोन मिनिटांची फेरी दिली. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इथपर्यंतची धाप चालेल, एवढाच मोजमापाचा नियम. घड्याळात हृदयाचे ठोके बघत बसू नका म्हटलं.

मग आरशासमोर हवेत ठोसे, म्हणजे शॅडो. प्रत्येक ठोशाला तोंडानं 'स्स' करून श्वास सोडायचा. नवखे लोक हमखास श्वास रोखतात, आणि जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. ज्यांचा आधीच काठावर आहे त्यांनी तर हे पहिल्या दिवशीच शिकावं. मनगटासाठी घरी एक परीक्षा दिली: मूठ भिंतीला टेकवा, पहिल्या दोन गाठी भिंतीवर, कोपरापासून गाठीपर्यंत एक सरळ रेषा, आणि हळूहळू अंगाचा भार द्या. मुडपलं की थांबा. शिवाय पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून मनगट वर-खाली, रोज.

खरेदी दोनच गोष्टींची. १२ औंसचे ग्लोव्ह, दुकानात हात घालून पाहून. सिताबर्डीत दीड-दोन हजारांत शिकाऊ माणसाला पुरतील असे मिळतात. आणि १८० इंची सुती पट्ट्या. पट्टी बांधताना बोटं फाकवायची, अंगठ्यात फासा अडकवून मनगटावर तीन वेढे, गाठींवर तीन, बोटांच्या मधून, आणि उरलेली पुन्हा मनगटावर. मूठ वळली की घट्ट वाटावी, सोडली की सैल. बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. आणि रोज धुवा. नागपूरच्या एप्रिलमध्ये न धुतलेल्या पट्ट्या पिशवीत राहिल्या तर घरातले पिशवीसकट बाहेर काढतील.

चौथ्या आठवड्यात बॅग परत आली, तीही नुसती थाप मारल्यासारखी. सरांनी त्यांना दुसऱ्या, नव्या बॅगेवर हलवलं आणि गाण्याच्या ठेक्याशी त्यांचा संबंध तोडला. ठेक्यावर मारायला गेलं की पाय जागच्या जागी गोठतात, हे सरांचं निरीक्षण. मला ते पटलं. जॅब आणि क्रॉस एवढेच. हुकला बंदी, कारण हुकमध्ये मनगट वाकायच्या वाटा जास्त.

उन्हाळा

एप्रिलमध्ये वेगळंच संकट. हॉल पत्र्याच्या छताचा. संध्याकाळी सातला बाहेर वारा सुटला तरी पत्रा आणि भिंती दिवसभराची उष्णता ओकत असतात. व्यवस्थापनानं दोन मोठे कूलर लावले आणि खिडक्या बंद केल्या. त्यानं हवा गार वाटते पण दमट होते. घाम अंगावरच राहतो, सुकत नाही, आणि घाम सुकणं हाच शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग असतो. खिडक्या उघडा म्हटलं तर पोरांना वाटलं या बाईंना कूलर कळत नाही.

ताई सकाळी साडेपाचच्या बॅचला वळल्या. पहिले दहा-बारा दिवस फेऱ्या निम्म्या केल्या, कारण उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. घरून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. चक्कर, मळमळ, अंगावर काटा किंवा घाम थांबणं यांतलं काहीही झालं तर बसायचं, सावलीत, आणि 'एवढी फेरी संपवते' हे बंद. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पूर्ण सुट्टी घेतली. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि हवामान खात्याला संवेदक बिघडल्याचा खुलासा करावा लागला होता. ताईंच्या मुलाला तो आकडा अजूनही खराच वाटतो.

ज्यांना साखरेसाठी इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या सुरू आहेत, त्यांनी मात्र असा रिकाम्या पोटी पहाटेचा क्लास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. ताईंना औषध नव्हतं, आणि क्लासपूर्वी ईसीजी झालेला होता, म्हणून हे जमलं.

आकडे आणि उरलेले वाद

जूनअखेरच्या तपासणीत एचबीएवनसी ५.८, रक्तदाब १२६/८०, वजन ६९. वजन बघून ताई खट्टू झाल्या. मी झाले नाही. कमरेचा घेर पाच सेंटिमीटरनं उतरला होता आणि साखर उंबरठ्यावरच पण खालच्या कडेला आली होती. हे सगळं बॉक्सिंगचं श्रेय म्हणणं खोटं ठरेल: त्याच काळात त्यांनी रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठवर आणलं आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर चालायला लागल्या. रविवारचा तर्री-पोहा चालूच होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. तीन क्लासांची बेरीज १३५ मिनिटं होते, पण पट्ट्या बांधणं, पाणी पिणं आणि सरांच्या गोष्टी वजा केल्या तर खरा जोराचा वेळ निम्माच भरतो. ते गच्चीवरचं चालणं म्हणूनच हवं.

मनगट मार्चअखेर बरं झालं. थेंब सुटणं मे महिन्यापर्यंत खूप कमी झालं. शिंकेला अजून कधीतरी होतं. उड्यांवर त्या अजूनही गेलेल्या नाहीत, आणि जाव्यात असा माझा आग्रहही नाही.

राहिला स्पारिंगचा, म्हणजे समोर जोडीदार घेऊन ठोसे देण्या-घेण्याच्या सरावाचा वाद. मुलाचं म्हणणं, समोर माणूस नसेल तर ते बॉक्सिंग कसलं? खेळ म्हणून त्याचं बरोबर आहे. पण ताईंना खेळायचं नाही, साखर आटोक्यात ठेवायची आहे. डोक्यावर ठोसे खाण्याचा त्यात काही उपयोग नाही, शिवाय त्यांच्या चष्म्याचा नंबर उणे सहा आहे. इतक्या नंबरच्या डोळ्यांत पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो आणि तोंडावरचा मार तो वाढवतो. तेव्हा स्पारिंग कायमचं नाही. त्याऐवजी सर ठोसे झेलायचे गादीदार पॅड हातात धरतात, ताई मारतात, आणि मधूनच सर पॅड हलकेच त्यांच्या डोक्यावरून फिरवतात म्हणजे त्या खाली वाकायला शिकतात. मुलाला हे पटलेलं नाही. ताईंना पटलंय.

हुकची बंदी ऑगस्टमध्ये उठवायचं सरांनी आणि मी ठरवलं आहे, तेही आधी आठ दिवस फक्त आरशासमोर. बॅचमध्ये सरांनी एक बदल मात्र सगळ्यांसाठी केला: नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात बॅग शेवटची पाच मिनिटंच मिळते. दोन जण त्यामुळे सोडून गेले, असं त्यांनी मला फोनवर जरा त्रासूनच सांगितलं.